जीन्सचे माप नेमके कुठून कुठे घ्यायचे?

हरवळेकरीण (धागाकर्ती)

इथे गोव्यात चवथ (गणेशचतुर्थी) महिन्यावर आली. एरवी आम्ही सगळे मिळून म्हापशाला जातो आणि घरातल्या सगळ्यांचे कपडे एकाच फेरीत आणतो. यंदा भावाची वेर्ण्याला शिफ्ट, बाबांचे गुडघे आणि हा पाऊस, यामुळे घरबसल्या मागवायचे ठरले. कुर्ते, साड्या यांची अडचण नाही. अडले आहे ते जीन्सपाशी.

भावाच्या कपाटातल्या सगळ्या जीन्सवर ३२ लिहिलेले आहे. एक घातली की खाली बसता येत नाही, दुसरी पट्ट्याशिवाय टिकत नाही, आणि एक मात्र अंगावर घेऊनच शिवल्यासारखी बसते. माझे दुखणे वेगळे. मांडीत नीट जाईल अशी घेतली तर मागे कंबरेशी मूठ जाईल एवढी फट राहते. बाबा आयुष्यभर बेंबीवर पँट घालत आले, आता जीन्स हवी म्हणतात.

टेप घरात आहे. पण मोजायचे कुठे, बेंबीवर की खाली हाडापाशी? साइटवरच्या तक्त्यात 'कंबर ३४' लिहितात ती माझी कंबर की पँटची? आम्ही साखळी गावाच्या पुढे आत राहतो. परत पाठवायचे म्हटले की कुरिअरवाल्याची वाट बघण्यात आठवडा जातो. म्हणून पहिल्याच खेपेला नीट यावे असे वाटते.

आणखी एक. आईने माप द्यायलाच नकार दिला. आकडा मोठा येईल याची तिला भीती वाटते. तिला काय सांगू?

---

जुवारी

ताई, भावाची जी जीन्स चांगली बसते ती जमिनीवर पसरा आणि तिचे माप घ्या. अंगाचे माप नंतर. लेबलवरचा आकडा सोडून द्या, तो आता नावापुरता उरला आहे. ३२ लिहिलेल्या जीन्सचा पट्टा मोजला तर ३३ भरतो, ३४ भरतो, कधी ३५ सुद्धा. गिऱ्हाइकाला आपण बारीक झाल्यासारखे वाटावे म्हणून कंपन्या हे करतात.

---

सुईदोरा

फोंड्याला माझे टेलरिंगचे दुकान आहे. जीन्स नवीन शिवायला आता फारसे कोणी येत नाही, पण बाहेरून घेतलेल्या जीन्स दुरुस्तीला रोज येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आधी माप माहीत असते तर माझ्याकडे यायची गरज पडली नसती. म्हणून सविस्तर लिहितो.

जुवारी म्हणतात ते बरोबर. बसणारी जीन्स हाच उत्तम नमुना. पण ती मोजण्याची रीत आहे. बटण लावा, चेन ओढा, खिसे रिकामे करा आणि टाइल्सवर उताणी पसरा. गादीवर नको, गादी दबते. जीन्सचा पट्टा पुढे खाली आणि मागे वर असतो. पुढचा आणि मागचा काठ एकमेकांवर आणून, हलकेच ताणून सरळ करा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा. १७ आले तर पट्टा ३४ चा. काठ जुळवले नाहीत आणि पट्टा वाकडाच मोजला तर इथेच अर्धा-पाऊण इंच इकडचे तिकडे होते, दुप्पट केल्यावर तो एक-दीड इंच होतो.

मग पुढची बैठक. दोन्ही पाय जिथे मिळतात तिथे चार शिवणी एकत्र येतात, त्या चौकापासून पुढच्या पट्ट्याच्या वरच्या काठापर्यंत. त्यानंतर मांडी: चौकाच्या एक इंच खाली, पायाला काटकोनात आडवी. आतली लांबी चौकापासून खाली बॉटमपर्यंत (पायाच्या खालच्या काठापर्यंत), आतल्या शिवणीवरून. शेवटी बॉटम. मांडी आणि बॉटम दोन्ही दुप्पट करायचे.

यात लोक बैठक मोजतच नाहीत, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. पुरुषांच्या जीन्समध्ये पुढची बैठक साधारण साडेनऊच्या खाली असली तर ती लो, दहा-अकरा म्हणजे मध्यम, साडेअकराच्या वर हाय. बायकांच्या जीन्समध्ये हेच आकडे एक-दीड इंच कमी धरा. एकाच माणसाला लो जीन्स ३४ ची लागते आणि हाय जीन्स ३२ ची, कारण पट्टा अंगावर वेगळ्या जागी बसतो. भावाच्या तीन ३२ तीन तऱ्हांनी बसण्यामागे लेबल हे एक कारण असेल, बैठक हे दुसरे नक्की असणार. मोजून बघा.

आता अंगाचे माप. पातळ कपड्यावर घ्या, पाय जुळवून उभे राहा, पोट आत ओढू नका आणि आरशासमोर टेप जमिनीला समांतर आहे ना हे बघा. मागून टेप खाली घसरतो, कोणीतरी मदतीला असेल तर बरे. सर्वात आधी सीट घ्या, म्हणजे नितंबांचा सर्वात भरलेला भाग. मग कंबर, पण जीन्सचा पट्टा जिथे यावा असे तुम्हाला वाटते तिथे. मध्यम बैठकीला ती जागा बेंबीच्या तीन-चार बोटे खाली येते. टेपखाली एक बोट सहज जाईल इतपत सैल. मग मांडी, सर्वात वर.

टेपही एकदा तपासा. कापडी टेप वापरून वापरून ताणला जातो, पितळी टोकाशी झिजतो. शाळेच्या स्टीलच्या पट्टीवर धरून बघा, बारा इंचाला बारा इंच यायला हवे.

---

आबोली_फांती

सुईदोराकाका, खूप उपयोगी लिहिलेत. वाचनखूण साठवली.

हरवळेकरीण, तुझी फट म्हणजे निम्म्या बायकांची तक्रार आहे. आपली कंबर आणि सीट यांत दहा-अकरा इंचांचा फरक असतो, आणि बाजारातल्या साध्या जीन्समध्ये तो फरक त्याहून कमी धरलेला असतो. त्यामुळे सीटला बसते ती कंबरेला सैल, कंबरेला बसते ती मांडीत अडते. 'कर्व्ही' लिहिलेल्या जीन्समध्ये सीट आणि मांडी मोठी ठेवून पट्टा लहान ठेवतात. ती शोध.

आणि घालून बघताना आरशासमोर नुसते उभे राहायचे नाही. स्कूटरवर बसल्यासारखे बसायचे, वाकायचे. इथे कॉलेजला, बँकेत, देवळात, सगळीकडे आपण दुचाकीवर जातो. उभे असताना छान दिसणारी लो जीन्स स्कूटरवर बसले की मागून दोन बोटे खाली उतरते आणि मग सगळा रस्ताभर एक हात टॉप ओढण्यात जातो. मागची बैठक पुरेशी आहे का हे बसल्यावरच कळते.

आईला सांग की टेपवर येतो तो आकडा कापड किती लागेल ते सांगतो, बाकी काही नाही. माझ्या सासूबाई साठीच्या पुढे आहेत. पहिल्यांदा जीन्स घेतली तेव्हा मी त्यांना आकडा वाचून दाखवला नाही, लिहून घेतला आणि मागवली. नीट बसणाऱ्या कपड्यात माणूस मोकळा वावरतो. त्यांना ते जाणवल्यावर पुढच्या वेळी त्यांनीच टेप आणून दिला.

---

म्हापसेकर

माझे मत थोडे वेगळे. शुक्रवारच्या बाजारात जाऊन, कापड हाताला लावून, घालून बघण्यासारखे दुसरे काही नाही. कितीही मापे घ्या, कापडाचा पोत स्क्रीनवर कळत नाही. ज्याला शक्य आहे त्याने जावेच. बाबांना तर नक्की न्या, त्यांची पहिलीच जीन्स आहे.

---

हरवळेकरीण

@म्हापसेकर, बाबांना बसमधून एवढ्या लांब नेणे सध्या खरेच कठीण आहे. नाहीतर नेलेच असते.

काका, उद्या सगळ्यांची मापे घेऊन इथे टाकते.

---

पोरसातला

चर्चा वाचून एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटली, विषयाशी तिचा संबंध आहे. जीन्सला तांब्याचे रिव्हेट (खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकतात त्या धातूच्या टिकल्या) मारायची कल्पना ज्याची, तो जेकब डेव्हिस अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात रीनो गावचा शिंपी होता. पेटंटसाठी त्याने आपला कापडाचा व्यापारी लिव्हाय स्ट्रॉस याला भागीदार केले आणि २० मे १८७३ ला दोघांना पेटंट मिळाले. त्या काळच्या त्यांच्या पँटना पट्टा ओवायच्या लूप नव्हत्या. मागे कंबरेवर बक्कल असलेली कापडी पट्टी असायची, ती ओढून घ्यायची. लूप १९२२ मध्ये आल्या. म्हणजे कंबर प्रत्येकाने आपापली जुळवून घ्यावी हे सुरुवातीपासून गृहीत होते. सीट आणि बैठक जुळवून घ्यायची सोय मात्र तेव्हाही नव्हती. काका जे म्हणतात त्याला हे धरूनच आहे.

आपल्याकडे १९९० च्या दशकात अहमदाबादच्या अरविंद मिल्सने 'रफ अँड टफ' नावाने न शिवलेल्या जीन्सचा संच आणला होता. डेनिमचे कापड, चेन, बटण, रिव्हेट, लेबल असे सगळे एका पाकिटात. घ्यायचे आणि गावातल्या टेलरकडे द्यायचे. काका, तुम्ही शिवल्या असतील ना?

---

सुईदोरा

शिवल्या तर. त्या वेळी माझे वडील दुकानात बसायचे, मी हाताखाली होतो. ते पाकीट घेऊन गिऱ्हाईक आले की वडील त्याला आधी लाकडी स्टुलावर बसवायचे. बेंबीजवळ कंबरेला दोरी बांधायचे आणि कुशीवरून त्या दोरीपासून स्टुलाच्या फळीपर्यंत टेप सोडायचे. ती त्या माणसाची बैठक. उभ्याने कितीही अंदाज केला तरी ती अशी कळत नाही. त्या जीन्स अंगाला बरोबर बसायच्या कारण माप त्याच माणसाचे होते. घरी हे माप घेऊन ठेवा. दोन माणसांची कंबर सारखी असली तरी बैठकीत दीड-दोन इंचांचा फरक निघतो, आणि कोणाला लो चालेल, कोणाला हाय लागेल हे त्यावरून ठरते.

---

जुवारी

तक्त्याचा प्रश्न राहिला. साइटवर दोन तऱ्हांचे तक्ते असतात. एकात अंगाचे माप असते, म्हणजे तुमची कंबर ३२ असेल तर हा साइझ घ्या. दुसऱ्यात कपड्याचे माप असते, म्हणजे या साइझचा पट्टा प्रत्यक्षात इतके इंच आहे. 'बॉडी' किंवा 'टू फिट' लिहिले असेल तर पहिला, 'गारमेंट' लिहिले असेल तर दुसरा. काहीच लिहिले नसेल तर सीटचा आकडा बघा. स्ट्रेच नसलेल्या जीन्सला सीटवर अंगापेक्षा थोडी ढील लागतेच. तक्त्यातली सीट बरोबर तुमच्याएवढी असेल आणि कापड शंभर टक्के कॉटन असेल, तर तो अंगाचा तक्ता समजावा.

या सगळ्या गोंधळाचे मूळ हे की आपल्या अंगावरून ठरवलेला तक्ताच आपल्याकडे नव्हता. अमेरिकन आणि ब्रिटिश तक्ते घेऊन ज्याने त्याने ते आपापल्या परीने बदलले. 'निफ्ट' या सरकारी फॅशन संस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयासाठी 'इंडियासाइझ' प्रकल्प हाती घेतला तो यासाठीच. १५ ते ६५ वयाच्या २५,००० लोकांची मापे थ्रीडी स्कॅनरने घ्यायची असे ठरले. निवडलेल्या सहा शहरांत मुंबई होती, गोवा नव्हता. असे तक्ते दुकानांत रुळेपर्यंत आपला टेप आपल्याच हातात हवा.

---

वास्कोची

इथे विचारते. माझी नणंद इंग्लंडमध्ये स्विंडनला आहे आणि चुलतदीर पोर्तुगालमध्ये लिस्बनला. दोघेही दर नाताळाला मुलांना आणि आम्हाला जीन्स पाठवतात. कधी १२ लिहिलेले, कधी ४०, मुलांच्या जीन्सवर तर १४०! काहीच ताळमेळ लागत नाही. त्यांना आधीच नेमके काय सांगावे?

---

आबोली_फांती

बायकांच्या कपड्यांत ब्रिटनचा १२ म्हणजे साधारण अमेरिकेचा ८ आणि युरोपातला ४०. जर्मनीत तोच ३८ होतो. पुरुषांच्या जीन्सला युरोपचा ४८ म्हणजे आपला ३२, ५० म्हणजे ३४, थोडक्यात १६ वजा करायचे. मुलांच्या कपड्यांवरचा १४० म्हणजे उंची, १४० सेंटिमीटर. मुलाला दाराच्या चौकटीला उभा करून मोज, वाढत्या अंगाचा असेल तर पुढचा आकडा सांग. मुलांच्या बाबतीत वयापेक्षा हे जास्त भरवशाचे.

पण मोठ्यांसाठी आकडा सांगूच नकोस. सीट, कंबर, आतली लांबी सेंटिमीटरमध्ये लिहून पाठव. सेंटिमीटर दोन्हीकडे चालतात. एक इंच म्हणजे २.५४. नणंद दुकानात उभी राहून लेबलवरचे माप जुळवू शकते.

---

वास्कोची

देव बरें करूं! आजच सगळ्यांना मोजते.

---

हरवळेकरीण

घेतली मापे. आई शेवटी तयार झाली, आबोली_फांतीची युक्ती उपयोगी पडली. आईचे मी तिच्या परवानगीशिवाय इथे लिहीत नाही, पण माझ्या वहीत आहे.

भाऊ: पट्ट्याच्या जागी कंबर ३३, सीट ३९, मांडी २३, आतली लांबी साडेएकोणतीस. आतल्या लांबीसाठी भिंतीला टेकून अनवाणी उभा राहिला आणि दोन पायांत जाड पुठ्ठ्याचे पुस्तक वर दाबून धरले, पुस्तकाच्या वरच्या काठाला भिंतीवर पेन्सिलीची खूण केली. ही रीत एका मैत्रिणीने सांगितली. त्याची चांगली बसणारी जीन्स: पट्टा १७ (म्हणजे ३४), पुढची बैठक साडेदहा, मांडी १२, बॉटम साडेसात. श्वास कोंडणाऱ्या जीन्सची बैठक नऊ निघाली. काका, तुम्ही म्हणालात तसेच!

मी: कंबर ३०, सीट ४१.

बाबा: पोटावर ४०, पोटाखाली ३७, सीट ३९.

---

सुईदोरा

छान मोजलेत, बाय.

भावाला पट्टा ३४, पुढची बैठक साडेदहाच्या आसपास, मांडी पसरून १२ किंवा थोडी जास्त. लेबलवर ३२ असो की ३४, हे आकडे तक्त्यात मिळतील तीच घ्या. लांबी ३० ची मिळत असेल तर मुद्दाम तीच शोधा. आपल्याकडे बहुतेक जीन्स एकाच लांबीत येतात आणि खालून कापायच्या असतात. सरळ जीन्सला त्याने बिघडत नाही. पण खाली निमुळती होत जाणारी जीन्स चार इंच कापली तर तिचा सर्वात अरुंद भागच निघून जातो. बॉटम रुंद राहतो आणि गुडघ्याचा आकार नडगीवर येतो. कमी उंचीच्या माणसाला स्लिम जीन्स चांगली दिसत नाही असे म्हणतात, त्यात बऱ्याचदा दोष या कापण्याचा असतो, माणसाचा नव्हे.

तुमच्यासाठी: ४१ च्या सीटला बसेल ती घ्या आणि कंबरेला सैल राहील ते चालवून घ्या. आधी कर्व्ही बघा. नाही मिळाली तर मागून मधोमध पट्टा आणि योक (पट्ट्याखालचा मागचा आडवा तुकडा) उसवून एक-दीड इंच आत घेता येतो, कळतही नाही. दोन इंचांच्या वर घेतले तर मागचे दोन खिसे एकमेकांना भिडायला लागतात. कंबर आत घेणे हे माझे रोजचे काम आहे. सीट सोडणे जवळजवळ अशक्य. साध्या पँटला आत कापड सोडलेले असते, जीन्सच्या दुमडून मारलेल्या डबल टिपेत काहीच शिल्लक नसते. बैठक वाढवायची तर कापड आणायचे कुठून? म्हणूनच सांगतो, निवड सीट आणि बैठकीवरून करा, कंबर माझ्यासारख्यावर सोडा.

बाबांचे जरा समजून घ्या. पोटावर ४० आणि सीट ३९, म्हणजे मागे भराव कमी. ४० ची जीन्स घेतलीत तर मागे आणि मांडीत ढगळ पडेल आणि सीटखाली आडव्या चुण्या येतील. त्यांना पोटाखाली पट्टा ठेवायची सवय होईल का, हे आधी विचारा. होणार असेल तर पट्टा ३८, मध्यम बैठक, सरळ कट, थोडा स्ट्रेच असलेली. बेंबीवरच घालणार असतील तर साडेअकराच्या वरची बैठक शोधा, मग पट्टा ४० चा लागेल आणि मागची सीटची शिवण मी किंवा कोणीही टेलर आत घेऊन देईल. पोट पुढे असलेल्या माणसाला लो जीन्स कधीच देऊ नका, दिवसभर घसरत राहते. पँट वर ओढत चालणारा म्हातारा माणूस बघितला की मला फार वाईट वाटते, त्याला कोणी नीट मोजलेलेच नसते.

पार्सल आले की लेबल काढायच्या आधी घालून बघा. पुढच्या खिशांची तोंडे कानासारखी उघडी राहिली तर सीट घट्ट आहे. चेनच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेघा ओढल्या गेल्या तर सीट किंवा मांडी कमी पडते, तिथे कंबर वाढवून काही होत नाही. चौकाशी काचत असेल तर बैठक कमी. यातले काहीही दिसले तर परत करा, 'वापरून सैल होईल' यावर जाऊ नका. पट्टा वापरून अर्धा-एक इंच सैल होतो हे खरे, बैठक होत नाही.

---

म्हापसेकर

काकांच्या या प्रतिसादाला +१. आमच्या शेजारी सुद्धा हेच झाले होते, खिशांची तोंडे उघडी. आता कारण कळले.

धुतल्यावर आटण्याचे काय? पूर्वी लोक एक साइझ मोठाच घ्यायचे.

---

पोरसातला

पूर्वीचे कापड न आटवलेले यायचे, आठ-दहा टक्के आटायचे. ३४ लांबी असेल तर पहिल्या धुण्यात तीन इंच सुद्धा जात. सॅनफोर्ड क्लूएट याने कापड गिरणीतच आधी आटवायची पद्धत काढली, 'सॅनफोराइज्ड' हा शब्द त्याच्याच नावावरून. आता बहुतेक सगळे कापड तसे असते, एक-तीन टक्के आटते, आणि तेही आडवे कमी, उभे जास्त. त्यामुळे कंबरेसाठी मोठा साइझ घ्यायची गरज नाही. मात्र 'रॉ' किंवा 'श्रिंक टू फिट' (म्हणजे न आटवलेले) लिहिलेले असेल तर विक्रेत्याच्या सूचना वाचूनच घ्या.

---

सुईदोरा

म्हणूनच बॉटम मारण्याआधी जीन्स निदान एकदा, जमल्यास दोनदा धुवा. दुकानातून निघाल्या निघाल्या समोरच्या मशीनवर कापून घेतात आणि दोन धुण्यांत ती घोट्याच्या वर जाते. खूण करताना रोजची चप्पल किंवा बूट घालून उभे राहा. बाइकवर बसल्यावर बॉटम वर चढतो, तेवढा एक इंच जास्त ठेवा. 'ओरिजिनल बॉटम ठेवून द्या' असे सांगितलेत तर खालची मूळची झिजलेली कड तशीच ठेवून वरच्या वर कापून जोडता येते. मजुरी थोडी जास्त पडते, पण दिसायला खूप फरक पडतो. टेलरकडे जाड सुई आहे का विचारा, १६ किंवा १८ नंबरची. बारीक सुईने जाड डेनिमवर टाके सुटतात.

---

आबोली_फांती

स्ट्रेचबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते, आपल्या हवेत महत्त्वाचे आहे. आतल्या लेबलवर इलास्टेन किंवा स्पँडेक्स किती टक्के ते बघा. एक-दोन टक्के असेल तर जीन्स अंगाबरोबर हलते, आकारही धरून ठेवते. अशा जीन्सचे माप अंगापेक्षा लहान दिसले तरी घाबरू नका, ती ताणली जाईल हे धरूनच कापलेली असते. म्हणून सुईदोराकाकांच्या रीतीने पसरून मोजताना स्ट्रेच जीन्सची तुलना स्ट्रेचशीच करा, कॉटनची कॉटनशी.

पावसात जाड जीन्स दोन-तीन दिवस वाळत नाही आणि पट्ट्याजवळ कुबट वास धरते. मग लोक ओल्या जीन्सवर कडक इस्त्री फिरवतात किंवा चुलीच्या आचेवर धरतात. उष्णतेने स्ट्रेचचा दोरा मरतो, गुडघ्याला फुगे येतात आणि तुम्ही मोजून घेतलेले माप पहिल्या पावसाळ्यातच बिघडते. उलटी करून, खिसे बाहेर काढून, पट्टा वर येईल अशी पंख्याखाली टांगा. पावसाळ्यासाठी एक तरी हलक्या कापडाची ठेवा, आठ-दहा औंसाची (औंस म्हणजे एक चौरस यार्ड कापडाचे वजन). १३-१४ औंसाची डिसेंबरात घाला.

---

हरवळेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाची आणि माझी आज मागवली. बाबांना विचारले, ते म्हणाले बेंबीवरच हवी, दुसरीकडे पट्टा आला की उघडे वाटते. म्हणून हाय बैठकीची शोधते आहे, आणि सीटची शिवण आत घ्यायला काका, तुमच्याकडेच आणेन.

आईची सीट आणि बैठक पाहून तिलाही एक सरळ कटची बघते आहे. रंग तिने स्वतः निवडला.

---

वास्कोची

शेवटचा एक प्रश्न, काका. माझा मुलगा तेरा वर्षांचा, चवथीला घेतलेली जीन्स शिगम्यापर्यंत तोकडी होते. लांब घेऊन आत दुमडून ठेवली तर चालते का?

---

सुईदोरा

चालते, पण दुमड आतून ठेवा आणि हाताने कच्चे टाके घाला, मशीनची टीप नको. दीड इंचापर्यंत दुमडता येते. त्याहून जास्त दुमडले तर पाय जड होतो आणि मुले तिथे टाच घालून उसवतात. दुमडीची कड घासून तिथला निळा रंग उडतो आणि पांढरी रेघ पडते. म्हणून दर दोन महिन्यांनी थोडी थोडी खाली सोडा, एकदम शेवटी नको. काळी जीन्स असेल तर रेघ आणखी उठून दिसते, त्याला मधल्या निळ्या छटेची घ्या. आणि त्याची कंबर नाही वाढली तरी बैठक वाढते, या वयात ती वर्षातून दोनदा मोजायला हवी. लांबी सोडून झाली आणि चौकाशी काचते म्हणाला, तर नवीनच घ्या.